खरेदीचा वर्कफ्लो चार गावांत चालवायचा असेल, तर तो बांधावा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हेड ऑफिस पुण्यात, कारखाने चाकण, नाशिकजवळ अंबड आणि तिकडे तमिळनाडूत होसूरला. महिन्याला साधारण २,००० पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ. मागणी, मंजुरी, पीओ, माल आल्याची नोंद म्हणजे जीआरएन, सप्लायरचं बिल आणि पेमेंट हा सगळा प्रवास आज मेल आणि एक्सेलवर चालतो. हिशेब विकत घेतलेल्या ईआरपीत, म्हणजे कंपनीचे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि तिच्या आत काही बदलता येत नाही. मंजुऱ्या अडकतात, कधीकधी एकच पीओ दोनदा निघतो. सहा जणांच्या टीमला बारा मायक्रोसर्व्हिसेस (नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे स्वतंत्र छोटे प्रोग्राम) आणि मधोमध काफ्का (त्यांच्यातले संदेश पोहोचवणारी व्यवस्था) असा आराखडा कुणीतरी सुचवलाय. तो घ्यावा का, आणि नसेल घ्यायचा तर काय करावं?

आधी भार मोजा. २,००० पीओ, प्रत्येकाचे सहा टप्पे, प्रत्येक टप्प्याला तीन नोंदी धरल्या तर महिन्याच्या ३६,००० घटना होतात. कामाचे २२ दिवस आणि रोजचे नऊ तास धरले तर तासाला १८०, म्हणजे मिनिटाला तीन. मार्चअखेरीस दहापट गर्दी झाली तरी मिनिटाला तीस. साध्या सर्व्हरवरचा पोस्टग्रेस डेटाबेस सेकंदाला शेकडो ट्रान्झॅक्शन, म्हणजे पूर्ण होणारे नाहीतर अजिबात न होणारे बदल, आरामात पेलतो. वेगाचा प्रश्न इथे नाहीच. मागणी कुणाच्या तरी मंजुरीसाठी चार दिवस पडून राहते, मधेच रक्कम बदलते, मंजुरी देणारा रजेवर जातो आणि नेमकी तेव्हाच होसूरची लाइन बंद असते, हा प्रश्न आहे. वाट बघणं, दुबार होणं आणि मागे फिरणं या तीन गोष्टी नीट हाताळायला ही सिस्टिम बांधायची आहे.

बारा सर्व्हिसेसचा आराखडा मी घेणार नाही. जिथे आज एका डेटाबेसमधलं एक ट्रान्झॅक्शन पुरतं, तिथे प्रत्येक तुकड्यामागे एक नेटवर्क कॉल येतो. पाच सर्व्हिसेस एकामागून एक चालल्याशिवाय मागणी पुढे सरकत नसेल आणि प्रत्येक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तर साखळी ९९.५ टक्केच चालू राहते. महिन्याला ४३ मिनिटांऐवजी साडेतीन तासांहून जास्त बंद. शिवाय बारा ठिकाणचे लॉग, बारा ठिकाणचं डिप्लॉयमेंट, आणि हे सांभाळायला माणसं सहा.

सिस्टिम खरोखर जिथे वितरित आहे त्या जागा वेगळ्या आहेत: ईआरपी, कारखान्याच्या गेटवरचा टॅब, सप्लायरचा मेलबॉक्स, बँक. या सीमा तुम्ही काढलेल्या नाहीत आणि पुसूही शकत नाही. सगळी मेहनत त्यांच्यावर खर्च करा. आत मात्र एकच ॲप्लिकेशन, एकच पोस्टग्रेस, त्याची एक स्टँडबाय प्रत, आणि बाहेरची कामं करणारे, मागे चालत राहणारे दोन-तीन प्रोग्राम, म्हणजे वर्कर. कोडमध्ये मंजुरी, पीओ, आवक माल आणि बिलं यांचे विभाग स्वच्छ वेगळे ठेवा, म्हणजे पुढे कधी खरंच तोडायची वेळ आली तर रेषा आधीच आखलेली असेल.

मागणीची स्थिती एकाच ठिकाणी राहिली पाहिजे. एक मुख्य टेबल, त्यात मागणीचा क्रमांक, सध्याचा टप्पा आणि आवृत्ती क्रमांक. दुसरं टेबल इतिहासाचं: कोणी, कधी, कोणत्या आवृत्तीवर, काय केलं. इतिहासात फक्त भर पडते. अपडेट आणि डिलीटचे हक्क ॲप्लिकेशनच्या डेटाबेस युजरलाही देऊ नका. (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करता न येणारा एडिट लॉग असणं १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बंधनकारक आहे. तो नियम तुमच्या ईआरपीला लागतो, पण ऑडिटर मंजुरीचा माग काढत तुमच्याकडे येणारच.) टप्पा बदलताना दर वेळी ‘आवृत्ती ७ असेल तरच ८ कर’ असा अपडेट करा. शून्य ओळी बदलल्या तर मधे दुसऱ्या कोणीतरी काहीतरी केलंय. नव्याने वाचा आणि वापरणाऱ्याला दाखवा.

मंजुरी ही मागणीला मिळत नाही, मागणीच्या एका आवृत्तीला मिळते. प्लांट हेडने १०० नगांना ४,८०,००० रुपयांवर हो म्हटलं आणि नंतर कोणीतरी नग १३० केले, तर ती जुनी मंजुरी गळून पडायला हवी. हे जमण्यासाठी मंजुरीच्या नोंदीत त्या क्षणीच्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारी छोटी खूण, ठेवा: आयटम, नग, दर, सप्लायर, कॉस्ट सेंटर. पीओ काढण्याआधी हॅश पुन्हा काढून जुळवा. डिलिव्हरीचा पत्ता किंवा शेरा बदलल्यावर मंजुरी पुन्हा मागायची की नाही हे फायनान्सकडून लेखी घ्या, नाहीतर तो निर्णय प्रोग्रामर आपल्या अंदाजाने घेऊन टाकतो.

आता समांतर मंजुऱ्या. प्लांट हेड आणि फायनान्स दोघांची मंजुरी लागते, क्रम कोणताही चालतो. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. प्रत्येक ट्रान्झॅक्शन आपली मंजुरी लिहितं आणि मग दुसऱ्याची झाली आहे का ते बघतं. एकाच वेळी चाललेल्या ट्रान्झॅक्शनना एकमेकांचं काय दिसावं याची पोस्टग्रेसची नेहमीची पातळी रीड कमिटेड आहे, त्यामुळे समोरची कमिट न झालेली, म्हणजे अजून पक्की न झालेली नोंद दिसत नाही. दोघांनाही दुसऱ्याची मंजुरी बाकी दिसते, दोघंही मागणी पुढे ढकलत नाहीत. स्क्रीनवर दोन्ही मंजुऱ्या हिरव्या आणि पीओ मात्र कधीच निघत नाही. टेस्टिंगमध्ये हे दिसत नाही, कारण टेस्टर एकेक बटण दाबतो. उपाय एका ओळीचा आहे: मंजुरी लिहिण्याआधी मुख्य टेबलातली मागणीची ओळ लॉक करून घ्या. मग दुसरा थांबतो आणि त्याला पहिल्याची मंजुरी दिसते.

पीओ दोनदा का निघतो ते बघू. वर्कर ईआरपीला ‘पीओ तयार कर’ असं सांगतो आणि ३० सेकंद थांबतो. ईआरपीवर महिनाअखेरचा भार आहे, तिला ३४ सेकंद लागतात. तिसाव्या सेकंदाला वर्कर टाइमआउट धरतो आणि पुन्हा पाठवतो. चौतिसाव्याला पहिला पीओ तयार होतो, थोड्या वेळाने दुसरा. टाइमआउटचा अर्थ ‘काम झालं नाही’ असा कधीच नसतो. ‘झालं की नाही कळलं नाही’ एवढाच असतो. टाइमआउट ६० सेकंद केला तर दुबार पीओ कमी होतील, थांबणार नाहीत.

म्हणून बाहेर जाणारं प्रत्येक काम आधी आपल्याच डेटाबेसमधल्या जावक टेबलात लिहा, आणि तेही टप्पा बदलणाऱ्या ट्रान्झॅक्शनमध्येच. मंजुरी कमिट झाली की जावक नोंदही कमिट झाली, नाहीतर दोन्ही नाही. कोडमध्ये आधी कमिट करून मग संदेश पाठवला तर मधे प्रोसेस मेल्यावर पीओ निघतच नाही. आधी संदेश पाठवून मग कमिट केलं तर मंजूर न झालेल्या मागणीचाही पीओ निघू शकतो. जावक टेबलातून वर्कर नोंदी उचलतो. पोस्टग्रेस ९.५ पासून असलेलं स्किप लॉक्ड (दुसऱ्याने लॉक केलेल्या नोंदी सोडून पुढच्या उचलणं) वापरलं की दोन वर्कर एकाच नोंदीवर भांडत नाहीत. पण नोंद लॉक करून, ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून ईआरपीच्या उत्तराची वाट बघू नका. ईआरपी मंदावली की डेटाबेसची सगळी कनेक्शन्स त्यातच अडकतात. नोंदीवर वर्करचं नाव आणि पाच मिनिटांची मुदत टाकून कमिट करा, मग कॉल करा. वर्कर मेला तर मुदत संपल्यावर दुसरा उचलेल.

दुसरा उचलेल, म्हणजे काम दोनदा होऊ शकतं. त्यामुळे प्रत्येक जावक नोंदीला एक कायमची किल्ली द्या, उदाहरणार्थ मागणी क्रमांक, आवृत्ती आणि कामाचा प्रकार मिळून. रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न, कितीही झाले तरी किल्ली तीच. ईआरपी अशी किल्ली स्वीकारत असेल तर उत्तम. जुन्या ईआरपी सहसा स्वीकारत नाहीत. मग ती पीओच्या ‘युवर रेफरन्स’सारख्या एखाद्या मोकळ्या रकान्यात घाला, आणि पुन्हा पाठवण्याआधी त्या रकान्यावर शोध घ्या. सापडला तर क्रमांक उचला आणि नोंद पूर्ण करा. शोध घेण्याआधी पहिल्या कॉलला संपायला वेळ द्या, दोन-तीन मिनिटं तरी. नाहीतर चौतिसाव्या सेकंदाचा पीओ शोधात सापडणार नाही. त्यातूनही एखादा निसटू शकतो, त्याच्यासाठी खाली रात्रीची जुळवणी आहे.

संदेशांची तयार रांग, म्हणजे क्यू, विकत घेऊन ही जबाबदारी टळत नाही. ॲमेझॉनची एसक्यूएस फिफो क्यू दुबार संदेश ओळखते, पण पाच मिनिटांच्या आतच. दोन तासांनी केलेला रिट्राय तिला नवा वाटतो. काफ्काची ‘एकदाच’ची हमी काफ्काच्या आतल्या वाचण्या-लिहिण्यापुरती आहे, ईआरपीला केलेला कॉल तिच्या कक्षेबाहेर राहतो. शेवटचा पहारा तुमच्या टेबलातल्या युनिक इंडेक्सचाच, म्हणजे तीच किल्ली दुसऱ्यांदा येऊ न देणाऱ्या डेटाबेसच्या नियमाचा.

येणाऱ्या बिलांनाही हेच लागू. किल्ली कशी निवडावी याचा चांगला नमुना आपल्या ई-इनव्हॉइसिंगमध्ये आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ते लागू आहे, म्हणजे तुमचे बरेच सप्लायर त्यात येतात. तिथला आयआरएन हा ६४ अक्षरांचा हॅश सप्लायरचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांवरून निघतो. तेच बिल पुन्हा टाकलं तर तोच आयआरएन येतो आणि दुबार म्हणून परत जातं. तुमच्या बिलांच्या टेबलावर याच चार गोष्टींचा युनिक इंडेक्स ठेवा. आर्थिक वर्ष विसरू नका. बिलांची मालिका एप्रिलमध्ये नव्याने सुरू करणारे सप्लायर खूप आहेत, वर्ष नसेल तर एप्रिलचं खरं बिल दुबार ठरेल. ई-इनव्हॉइस न देणाऱ्या लहान सप्लायरचं बिल कोणीतरी हाताने भरतं. कागदावरचं ‘०१२३/ए’ एकदा ‘१२३-ए’ असं चढतं आणि इंडेक्स चुकवून आत येतं. अशांसाठी तिरप्या रेघा, डॅश आणि पुढची शून्यं काढलेला वेगळा रकाना ठेवा आणि त्यावर जुळलं तर थांबवून माणसाला दाखवा. परस्पर नाकारू मात्र नका, दोन्ही बिलं खरी असू शकतात.

रिट्राय कशावर करायचा हेही ठरवा. कनेक्शन तुटलं, ५०३ (‘आत्ता सेवा उपलब्ध नाही’ हा सर्व्हरचा कोड) आला, टाइमआउट झाला तर पुन्हा. ‘कॉस्ट सेंटर अस्तित्वात नाही’ असं उत्तर आलं तर शंभर वेळा विचारूनही तेच येणार. पहिल्याच वेळी थांबा. अंतर दर वेळी दुप्पट करा आणि त्यात थोडं यादृच्छिक अंतर मिसळा, नाहीतर ईआरपी उठल्या उठल्या साचलेली सगळी कामं एकाच सेकंदाला तिच्यावर पडतात. आठ प्रयत्नांनंतर नोंद अडकलेल्यांच्या यादीत जाते. त्या यादीला नाव लागतं: ईआरपीच्या चुका अमुक एका भूमिकेकडे, मास्टर डेटाच्या चुका तमुककडे. मालक नसलेली अडकलेल्यांची यादी कोणी उघडत नाही.

टू-फेज कमिटने (आधी सगळ्यांना ‘तयार आहात का’ विचारायचं, मग एकदम पक्कं करायचं) हे सगळं सुटणार नाही का, असा प्रश्न येतोच. १९७८ च्या जिम ग्रेंच्या टिपणांपासून ती पद्धत माहीत आहे, पण तिच्यात सहभागी होणाऱ्या प्रत्येकाने ‘तयार आहे’ म्हणून लॉक धरून बसावं लागतं. ईआरपी ते करणार नाही, आणि सप्लायरचा मेलबॉक्स तर नाहीच नाही. १९८७ साली हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी मांडलेली सागा इथे बसते: लांब काम लहान लहान पूर्ण ट्रान्झॅक्शनमध्ये तोडा आणि प्रत्येकाला मागे फिरवणारी कृती द्या. खरेदीत बजेट आधी राखीव, पीओ निघाला की वापरलं, रद्द झाला की मोकळं, असं तीन अवस्थांत ठेवा. मागे फिरवता न येणारं काम शक्य तितकं शेवटी न्या. सप्लायरला गेलेला मेल परत घेता येत नाही, त्याला रद्दपत्रच पाठवावं लागतं. म्हणून क्रम असा: बजेट राखीव, ईआरपीत पीओ, त्याचा क्रमांक आपल्याकडे नोंद, आणि मग मेल. मागे फिरवणारी कृतीही फसू शकते, तिलाही जावक नोंद, किल्ली आणि रिट्राय लागतात.

माणसांचा भाग बहुतेक आराखड्यांत शेवटच्या पानावर असतो आणि गाडी तिथेच रुतते. मंजुरी नावाला जोडू नका, भूमिकेला जोडा: ‘चाकण, प्लांट हेड’. त्या भूमिकेवर कोण, कधीपासून कधीपर्यंत, हे वेगळ्या टेबलात. रजेवरचा अधिकार दुसऱ्याला देताना तारखा सक्तीच्या करा. आणि स्वतःच्या मागणीला स्वतःची मंजुरी मिळत नाही ही तपासणी बदली अधिकार वापरला जातानाही करा; प्लांट हेडने रजेवर जाताना ज्याला अधिकार दिला, मागणी त्याचीच असू शकते.

मेलमधून थेट मंजुरीची लिंक द्यायची असेल तर सावध राहा. मेल सर्व्हरवरचे सुरक्षा स्कॅनर आलेल्या मेलमधल्या लिंक स्वतः उघडून तपासतात. लिंक उघडताच मंजुरी नोंदवली जात असेल तर साहेबांनी मेल बघण्याआधीच स्कॅनरने मंजुरी दिलेली असते. लिंकने फक्त पान उघडावं. मंजुरी पानावरच्या बटणाने, लॉगिननंतर, पोस्ट रिक्वेस्टने (नुसती लिंक उघडून जी जात नाही).

स्मरणपत्रं आणि वरच्याकडे पाठवण्याच्या मुदती मेमरीतल्या टायमरवर ठेवू नका; सर्व्हर रीस्टार्ट झाला की जातात. ‘केव्हा’ हा रकाना असलेलं टेबल आणि दर मिनिटाला ते बघणारा वर्कर एवढं पुरतं. टायमर वाजल्यावर मागणी अजून त्याच टप्प्यावर, त्याच आवृत्तीवर आहे का ते तपासा, नाहीतर मंजुरी देऊन झालेल्यालाच स्मरणपत्र जाईल. मुदत कामाच्या तासांत मोजा, आणि प्रत्येक ठिकाणाचं कॅलेंडर वेगळं ठेवा. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, हेड ऑफिसला रविवारची, होसूरला पोंगल. सुट्टीच्या दिवशी तक्रार वरच्या साहेबांकडे गेली की लोक सिस्टिमच्या मेलकडे बघणंच सोडतात.

बिलांच्या मुदती कायद्याशी बांधलेल्या आहेत. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून जीआरएनची तारीख सिस्टिममध्ये भरल्याची नव्हे, माल गेटवर आल्याची हवी.

गेटवर ट्रक उभा असताना नेट नसणं नेहमीचंच आहे, आणि ड्रायव्हर नेटसाठी थांबणार नाही. टॅबवरचं ॲप टॅबमधल्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंद करेल, नोंदीला तिथेच यूयूआयडी, म्हणजे दुसरीकडे कुठेही न येणारा क्रमांक, देईल, आणि लाइन आली की पाठवेल. सर्व्हरने त्याच यूयूआयडीची नोंद पुन्हा आली तर गपचूप ‘मिळाली’ म्हणावं. टॅबने ‘उरलेले नग ४०’ असं कधीच पाठवू नये, ‘६० नग आले’ असंच पाठवावं. दोन गेटवर एकाच पीओचा माल आला तर आलेल्या नगांची बेरीज होते, उरलेले मात्र एकमेकांना पुसतात. पीओपेक्षा जास्त माल आलेला दिसला तर नोंद नाकारू नका. माल आत आलेला आहे. नोंद घ्या, जादा अशी खूण करा, स्टोअरला कळवा. टॅबची वेळ आणि सर्व्हरची वेळ दोन्ही ठेवा, टॅबची घड्याळं चुकतात. जीआरएनच्या क्रमांकात प्लांट आणि गेटचा उपसर्ग ठेवला की प्रत्येक टॅब आपली मालिका स्वतंत्र चालवू शकतो.

याच कारणाने बिल कधीकधी जीआरएनच्या आधी पोहोचतं. पीओ, जीआरएन आणि बिल यांची जुळवणी एखाद्या ठरलेल्या पायरीवर टाकू नका. तिघांपैकी काहीही आलं की ती पुन्हा चालवा, आणि जुळलं नाही तर ‘कशाची वाट बघतोय’ ते लिहा. दरात आणि नगांत किती फरक चालेल हे टेबलात, प्रकारानुसार: पत्रा वजनावर येतो, त्याला काही टक्के फरक चालू द्यावा लागतो, बेअरिंगला शून्य.

प्रत्येक मागणीवर तिच्या नियमांचा आवृत्ती क्रमांकही ठेवा. १ एप्रिलला मंजुरीच्या मर्यादा बदलतात तेव्हा शेकडो मागण्या अर्ध्या वाटेवर असतात. जुन्या मागण्या जुन्या नियमांवरच संपू द्या. त्यांना नव्या टप्प्यांवर हलवणाऱ्या स्क्रिप्टने मिळालेल्या मंजुऱ्या हरवतात किंवा अस्तित्वात नसलेल्या टप्प्यावर मागणी जाऊन बसते.

वर्कफ्लो चालवणारं तयार इंजिन घ्यावं का? कॅमुंडा किंवा टेम्पोरल ही चांगली साधनं आहेत, टायमर आणि रिट्राय ती नीट सांभाळतात. पण टेम्पोरलमध्ये वर्कफ्लोचा कोड पुन्हा चालवला तर दर वेळी पायऱ्यांचा तोच क्रम निघाला पाहिजे, आणि एका वर्कफ्लोच्या इतिहासाला ५१,२०० घटनांची मर्यादा आहे; हे न समजता वापरलं की चालू कामं मधेच अडतात. तुमचे वर्कफ्लो दोन-तीन आणि दहा टप्प्यांच्या आतले आहेत, म्हणून मी वरची टेबलंच ठेवेन. पाच-सात विभागांचे वेगवेगळे वर्कफ्लो आले आणि टप्पे व्यवसायातल्या लोकांना स्वतः आखायचे असले, की बीपीएमएनवालं, म्हणजे टप्पे आकृतीने आखता येणारं इंजिन घ्या.

रोज रात्री दोन वाजता आपले पीओ आणि ईआरपीतले पीओ जुळवून बघा: आपल्याकडे आहे तिकडे नाही, तिकडे आहे आपल्याकडे नाही, रक्कम वेगळी, एकाच किल्लीचे दोन. यादी सकाळी नऊच्या आत खरेदी विभागाच्या स्क्रीनवर हवी. मागणी क्रमांक प्रत्येक लॉगमध्ये, प्रत्येक मेलच्या विषयात आणि ईआरपीच्या रेफरन्समध्ये असला की फोनवरच्या ‘माझं कुठे अडकलंय’ या प्रश्नाला एका शोधात उत्तर मिळतं.

सुरू करण्याआधी ईआरपीचा एक खोटा नमुना लिहा, जो ठरवून त्रास देतो: काम करतो पण उत्तर देत नाही, ३४ सेकंदांनी उत्तर देतो, ५०३ देतो, मागचंच उत्तर पुन्हा देतो. त्याच्यासमोर हजार मागण्या सोडा आणि मधे मधे वर्कर मारत राहा. शेवटी नमुन्यात बरोबर हजार पीओ असले पाहिजेत. तेवढे झाले की आधी एकटं अंबड सुरू करा, फक्त नव्या मागण्यांसाठी. एक्सेलमध्ये निम्म्या झालेल्या तिथेच संपू द्या. एक महिनाअखेर तिथे बिनगोंधळ गेली की चाकण घ्या, आणि होसूर त्यानंतर.